टिपा द्या (कोणत्याही दोन)

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हटकून असायचा : 'टिपा लिहा (कोणत्याही दोन).' चार विषय दिलेले असायचे आणि त्यांतले कोणतेही दोन मला येत नसायचे. तेव्हापासून टीप या शब्दाशी माझं जमलेलं नाही. शिंप्याची टीप असते, ती नेमकी आपल्याच सदऱ्याची उसवते. रेसवाल्यांची टीप असते. आमच्या बँकेतल्या एका सद्गृहस्थांना ती दर शनिवारी मिळायची आणि दर सोमवारी ते माझ्याकडे दहा रुपये उसने मागायचे. पुस्तकाच्या तळाशी टीप असते, ती वाचायला खाली उतरलेली नजर वर येते तोवर ओळ हरवलेली असते. पण या सगळ्या टिपा एकीकडे आणि हॉटेलातलं बिल आल्यावर ताटलीत ठेवायची ती टीप एकीकडे. लोकांना तो हिशेबाचा प्रश्न वाटतो. मला नीतीचा वाटतो. हिशेबाचा असता तर निदान सुटला तरी असता.

आयुष्यातली चाळीस वर्षं मी टीप दिली नाही. (हे वाक्य आमच्या हिनं खांद्यावरून वाचलं आणि 'बढाई मारताय की कबुली देताय?' असं विचारलं.) उडप्याकडे बडीशेपेच्या ताटलीत सुटे पैसे आले की मी ते मोजून खिशात टाकायचो, आणि ही बडीशेप घेण्याच्या निमित्तानं आपल्या पर्समधलं नाणं तिथे सरकवायची. मी पाहून न पाहिल्यासारखं करायचो. माझी भूमिका साधी होती. वेटरला पगार मालकानं द्यावा. उद्या मी ड्राफ्ट काढून दिला म्हणून एखाद्या खातेदारानं काउंटरच्या जाळीतून माझ्यापुढे आठ आणे सरकवले असते, तर मी काय केलं असतं? बॅलन्स शीट फेकून मारली असती. मग ज्यानं माझा अपमान होईल ते मी दुसऱ्याच्या हातावर कसं ठेवू? या युक्तिवादात मला आजही चूक सापडत नाही. फक्त एवढंच मनात येतं, की ज्याला पैसा पडतो असं दुसरं कुठलंही तत्त्व मी इतक्या निष्ठेनं पाळल्याचं आठवत नाही.

हे तत्त्व सामानात बांधून मी निवृत्तीनंतर मुलीकडे गेलो. मुलगी टेक्ससमध्ये, डॅलसजवळ असते. पोचल्याच्या चौथ्या दिवशी सगळे मिळून जेवायला बाहेर गेलो आणि 'आज बिल मी देणार' असं मी जाहीर केलं. जावई नको नको म्हणत होते. अशा वेळी सासरा जितका हट्टी होतो तितका मी झालो.

वाढायला एक विशी-बाविशीतली मुलगी होती. आल्याआल्या तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मीही माझं सांगणार होतो, पण मुलीनं टेबलाखालून पाय मारला. ती पोरगी दर पाच मिनिटांनी येऊन 'सगळं छान आहे ना?' असं विचारून जायची. आपल्याकडे वेटर 'आणखी काही?' असं एकदाच विचारतो आणि त्याचा अर्थ 'उठा आता' असा असतो. ही खरंच विचारत होती. बर्फ घातलेलं पाणी तिनं चार वेळा आणलं, आणि बर्फ नको हे कळल्यावर पाचव्यांदा बिनबर्फाचं आणलं. बिल झालं करासकट शहाऐंशी डॉलर. मी नव्वद ठेवले आणि 'वरचे तुला' अशी राजासारखी खूण केली. चार डॉलर! मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि माझं मलाच भरून आलं. चाळीस वर्षांचं व्रत मी लेकीच्या इभ्रतीसाठी मोडलं होतं.

गाडीपाशी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, एक मिनिट हं. माझा स्कार्फ आत राहिला."

स्कार्फ तिच्या गळ्यात होता.

घरी आल्यावर व्हायचं ते झालं. ती आत जाऊन पंधरा डॉलर ठेवून आली होती. मी म्हणालो, "मी माणसाला माणूस समजतो, याचक समजत नाही." मुलगी गप्प राहिली. जावई अकाउंट्सवाले, त्यामुळे हळू बोलतात आणि आकड्यांत बोलतात. ते म्हणाले, "बाबा, तिला मालक तासाला दोन डॉलर तेरा सेंट देतो." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. टीप मिळणाऱ्या नोकरांना मालकानं स्वतः द्यायचा किमान पगार त्यांच्या केंद्र सरकारनं १९९१ साली दोन डॉलर तेरा सेंट ठरवला आणि तो आजही तेवढाच आहे. १९९१ साली माझी मुलगी चौथीत होती. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत काढून टाकली, काहींनी हा आकडा वाढवला, टेक्ससनं तो तसाच ठेवला. टीप धरून तासाला सव्वासात डॉलर झाले नाहीत, तर उरलेले मालकानं भरून द्यायचे, असा कायदा आहे. म्हणजे मी टेबलावर ठेवतो तो तिच्या पगारावरचा तुरा नाही, तो तिचा पगारच आहे. मालक पहिला हप्ता देतो, बाकीचे हप्ते गिऱ्हाइकानं मर्जीप्रमाणे द्यायचे.

"मग हा मालकाचा बदमाशपणा झाला," मी म्हणालो.

"हो ना," मुलगी म्हणाली, "पण बाबा, तत्त्व तुम्ही मांडलंत मालकाविरुद्ध आणि पैसे कापलेत तिचे."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी टक्केवारीवर घसरलो. बिलाच्या वीस टक्के टीप, हा हिशेब कुठल्या न्यायानं? पंधरा डॉलरचा पालापाचोळा आणि साठ डॉलरचा मासा, दोन्ही एकाच थाळीत येतात, तीच मुलगी ते त्याच हातानं उचलते. मासा जड असतो म्हणावं, तर तो तिला काही पकडून आणावा लागत नाही. शिवाय हे टक्के करासकट रकमेवर काढायचे की कराआधीच्या? जावई म्हणाले, यावर इथेही एकमत नाही. मला जरा बरं वाटलं. आणि हल्ली तर कॉफीच्या दुकानातसुद्धा पैसे घेणारी मुलगी पडदा आपल्याकडे फिरवते. त्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के असे ठसठशीत चौकोन असतात आणि खाली बारीक अक्षरांत 'टीप नको' असं असतं. ते बटण दाबताना ती तिकडे पाहत नाही. पाहत नाही, हे ती इतक्या कसोशीनं करते, की आपलं बोट आपोआप वीसवर जातं. कॉफी आपणच उचलून आणायची, साखर आपणच घालायची, कप आपणच टाकायचा. त्या व्यवहारातले वीस टक्के खरं तर मला मिळायला हवेत.

भांडण जिंकायचंच या इर्षेनं मी दुसऱ्या दिवशी तिथल्या लायब्ररीत जाऊन बसलो. सुरुवात फार छान झाली. टीपविरुद्ध लढणारे लोक खुद्द अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेले होते. १९०९ साली वॉशिंग्टन राज्यानं टीपबंदीचा चक्क कायदा केला, मागोमाग आणखी काही राज्यांनी केला. विल्यम स्कॉट नावाच्या गृहस्थांनी १९१६ साली 'खाजणारा तळवा' अशा अर्थाच्या नावाचं एक अख्खं पुस्तक टीपविरुद्ध लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की टीप ही लोकशाहीला न शोभणारी गोष्ट आहे. तिनं एक माणूस धनी होतो आणि दुसरा लाचार. हा माणूस पुढचा जन्म सदाशिव पेठेत घेणार हे मला पहिल्या चार पानांतच कळलं. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे मागे घेतले गेले, आणि मी वाचत वाचत भलतीकडे जाऊन पोचलो.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि गुलाम मोकळे झाले. त्यांतल्या पुष्कळांना पुलमन कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांवर नोकर म्हणून ठेवलं. बिछाने घालायचे, बूट पुसायचे, सामान उचलायचं. पगार जेमतेम दिला, बाकीचं प्रवाशांनी खूश होऊन द्यावं. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन होतं. माणसाला स्वतःचं नावही नाही, आणि संध्याकाळची भाकरी समोरचा हसतो की नाही यावर. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या लोकांची युनियन झाली. १९३७ साली कंपनीनं करार केला, पगार वाढवला, कामाचे तास कमी केले. मी पुस्तक मिटलं. टीप अपमानाची आहे हे माझं म्हणणं खरं ठरत होतं. पण तो अपमान पुलमनसाहेबानं केला होता, आणि प्रवाशानं टीप न देऊन तो कमी झाला नव्हता. माझ्या युक्तिवादाला हे इतकं अनुकूल आणि इतकं प्रतिकूल होतं, की मी घरी येऊन काहीच बोललो नाही. पुढचे दोन महिने मात्र मी टेक्ससमध्ये इतक्या टिपा दिल्या, की आमच्या हिनं एकदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या वर्षी आम्ही युरोपला गेलो, सात देश बारा दिवस. तिथे टीपेची जबाबदारी पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरनं उचलली. विमानतळावरच प्रत्येकाकडून युरो गोळा केले आणि पाकिटात भरले. बसचा ड्रायव्हर अजून आम्ही पाहिलाही नव्हता. त्याच्यावर खूश होऊन ठेवायचे पैसे आम्ही तो दिसण्याआधीच देऊन मोकळे झालो. पॅरिसमध्ये कळलं, की तिथे सेवेचा आकार कायद्यानंच बिलातल्या किमतीत धरलेला असतो. वर चार नाणी ठेवली तर ठेवली. जर्मनीत पैसे देतानाच आकडा वर ढकलून सांगायचा आणि 'श्टिम्ट झो' म्हणायचं, म्हणजे 'राहू दे'. या दौऱ्यात माझ्या ज्ञानात एक भर पडली, ती शब्दांची. फ्रेंच लोक टीपेला 'पूरबुआर' म्हणतात, म्हणजे 'पिण्यासाठी'. जर्मन 'ट्रिंकगेल्ड' म्हणतात, म्हणजे पिण्याचे पैसे. रशियन शब्दाचा अर्थ तर थेट चहासाठी. म्हणजे आपलं चहापाणी! फरक इतकाच, की त्यांच्याकडे चहापाणी काम झाल्यावर देतात, आपल्याकडे काम व्हावं म्हणून आधी. आणि कैरोच्या रस्त्यात हात पुढे करून मागतात ती 'बक्षीश' हा आपलाच 'बक्षीस' शब्द. फारसीतून निघालेला हा शब्द तिकडे गेला तो हमालाच्या हातावर पडला, इकडे आला तो शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाहुण्यांच्या हस्ते मिळू लागला. तिथे मात्र तो घेताना कुणाला अपमान वाटत नाही. टाळ्या वाजतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा नसताना, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, द्यायला हवं म्हणून दिलं तर ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलं तर राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, तुच्छतेनं फेकलं तर तामस. या हिशेबानं परदेशी प्रवाशाची टीप म्हणजे सात्त्विक दानाचा आदर्शच म्हणायला हवा. रोजच्या उडप्याकडे दिलेल्या टीपेतून उद्याचा गरम वडा मिळण्याची शक्यता असते. पण व्हेनिसच्या त्या वेटरचं आणि माझं पुन्हा तोंडही दिसणार नाही. तरी मी देतो. हे सात्त्विकपणे होतं की शेजारच्या टेबलावरचे देसाई बघताहेत म्हणून होतं, याचं उत्तर मी स्वतःलाही दिलेलं नाही. जिवावर येतं, हे मात्र नक्की. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं म्हटलंय, की काही गोष्टींना किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेला किंमत लावता येत नाही. वाक्य फार मोठं आहे. पण हा गृहस्थ सारं आयुष्य कोनिग्जबर्ग आणि आसपासच राहिला. टूरबरोबर गेला असता तर त्याला सुट्ट्या पैशांचा प्रश्न पडला असता.

तुम्ही म्हणाल, पाच-दहा रुपयांच्या प्रश्नासाठी गीता आणि कांट कशाला? खरं आहे. खरं कारण मी मघापासून टाळतोय.

माझे वडील कऱ्हाडला पोस्टमन होते. दिवाळीत पोस्टमननं घरोघर पोस्त मागायचं अशी रीत होती. 'पोस्टमनचा दिवाळीत पोस्तमन होतो' असा विनोद गल्लीत दरवर्षी व्हायचा आणि तो करणारा दरवर्षी नव्यानं हसायचा. अण्णांनी पोस्त कधी तोंडानं मागितलं नाही. एरवी ते पत्र टाकायचे आणि वळायचे. दिवाळीच्या चार दिवसांत पत्र हातात दिल्यावर एक क्षण उभे राहायचे. इतकंच. मी दहा वर्षांचा असताना त्यांची पिशवी धरून त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा तो क्षण मी पाहिला. कुणी लगेच 'थांबा हं पोस्टमन' म्हणून आत जायचं, कुणी पत्र उघडून वाचायलाच लागायचं आणि अण्णा उभेच. एका दारात माझ्याच वर्गातला मुलगा आला. त्याच्या वडिलांनी अण्णांच्या हातावर आठ आणे ठेवले आणि माझ्या हातावर करंजी. मुलगा माझ्याकडे बघत होता. करंजी मी कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातली. त्या दिवशी मी ठरवलं, की कुणापुढे असं उभं राहायचं नाही आणि कुणाला उभं करायचं नाही.

दुसरी बाजू मला तेव्हा माहीत होती, पण मी ती मोजली नाही. भाऊबीजेच्या रात्री आई पोस्ताचे पैसे चुलीपुढे बसून मोजायची. आमचे दिवाळीचे सदरे दिवाळीनंतर शिवले जायचे ते त्यातून. 'दुहेरी टीप घाला, दोन वर्षं जायला पाहिजे,' असं अण्णा शिंप्याला सांगायचे. आठ आण्यांऐवजी कुणी माझं थोर तत्त्व अण्णांच्या हातावर ठेवलं असतं, तर त्या तत्त्वाला बाह्या फुटल्या नसत्या.

दोन वर्षांपूर्वी जपानला गेलो. क्योटोत एक संध्याकाळ मोकळी होती. टूर मॅनेजरनं 'मासे नको, मांस नको' असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी दिली होती, ती घेऊन आम्ही दोघं एका लहानशा खानावळीत शिरलो. पाच-सहा खुर्च्या, आणि एकटी सत्तरीची बाई. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. तक्त्यावरच्या एकेका पदार्थावर बोट ठेवून मान हलवली. आम्ही उठायला लागलो तर हातानं बसा म्हणाली आणि आत गेली. वीस मिनिटांनी भात, तळलेला तोफू, भोपळ्यासारखी काहीतरी भाजी आणि मुळ्याचं लोणचं असं ताट घेऊन आली. तक्त्यावर नसलेलं जेवण तिनं आमच्यासाठी रांधलं होतं, आणि पैसे मात्र तक्त्यातल्या सगळ्यांत साध्या ताटाचे लावले. टेक्ससचा मार खाल्लेला मी. वाडग्याच्या आड पाचशे येनचं नाणं ठेवलं आणि बाहेर पडलो. या वेळी खरोखर मनापासून ठेवलं होतं. सात्त्विकच म्हणा.

सिग्नलपाशी पोचलो तर मागून चपलांचा आवाज. बाई धावत आली होती, ॲप्रन तसाच. दोन्ही हातांच्या ओंजळीत नाणं. तुमचं राहिलं, असं काहीतरी म्हणाली. जपानात टीप देत नाहीत हे मॅनेजरनं बसमध्ये सांगितलं होतं, पण तेव्हा मी झोपलो होतो. मी तिच्याकडे बोट दाखवलं : तुमच्यासाठी. ती हसली, माझा हात धरला, नाणं त्यात ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. मग कमरेत वाकली आणि वळली.

एक क्षणही उभी राहिली नाही. मी मात्र सिग्नल दोनदा हिरवा होईतो तिथेच होतो. हिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, अण्णांची आठवण झाली. ती काही बोलली नाही. तिनं ते नाणं माझ्या मुठीतून काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. ते अजून तिथेच आहे. परदेशी नाणी बँक बदलून देत नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याला दुपारी बेल वाजली. हल्ली पोस्टमन क्वचित येतो. खोकी घेऊन येणारी पोरं दिवसातून तीनदा येतात. मुलीनं तिकडून मिठाईचा डबा पाठवला होता. पोरानं डबा हातात दिला आणि तो उभा राहिला. वळला नाही, बोललाही नाही. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. तो क्षण मी साठ वर्षांनी ओळखला. 'थांब हं' म्हणून लगबगीनं आत गेलो, शंभराची नोट घेऊन आलो आणि पुढे केली.

"काका," तो म्हणाला, "ओटीपी."

मी चार आकडे सांगितले. नोट हातात तशीच होती. त्यानं नोटेकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. "पण हे तर पेड आहे, काका."

"पेड आहे रे. हे पोस्त आहे. दिवाळीचं."

"पोस्त म्हणजे काय?"

त्यानं एका पायानं लिफ्टचं दार अडवून धरलं होतं, आणि खालून कुणीतरी दार लावा म्हणून ओरडत होतं. पाच मार्कांचा प्रश्न होता. तेवढ्या वेळात मला काही टीप लिहिता आली नाही.